टिकलीएवढी चित्रं

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरपन्याजवळच्या एका मांडवात उभा होतो. तुळशीचं लग्न होऊन महिना झालेला, लग्नसराई भरात. उजवा डोळा कॅमेऱ्यात, डाव्या कानाला मोबाइल. त्याचा मेहुणा चंद्रपूरच्या दवाखान्यातून बोलत होता आणि इकडे भटजींची मंगलाष्टकं चालली होती. मंगलाष्टकांत कॅमेरा बंद करायचा नाही, हे मला दिवाकरनेच शिकवलेलं. अक्षदा पडेपर्यंत मी शूटिंग केलं. त्या लग्नाच्या सीडीत चित्र कुठेही हललेलं नाही. आजही माझा मलाच राग येतो.

बल्लारपुरात आमचं दोघांचं व्हिडिओचं दुकान. कॅमेरा माझा, एडिटिंग त्याचं. सिरोंच्यापासून कोरपन्यापर्यंत लग्नं करायचो, आणि जिथे जाऊ तिथे एक विधी ठरलेला. खिशातली पांढरी दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा, दोन्ही हातांनी ती हनुवटीखाली ताणून धरायचा. कॅमेऱ्याला पांढरं हे पांढरंच दिसलं की बाकीचे रंग आपोआप जाग्यावर येतात. इतर लोक हे करून मग शूटिंग सुरू करतात. हा मात्र ते टेपवर घ्यायलाच लावायचा, पुढे रंग जुळवताना कामी येतं म्हणून. एडिटिंगमध्ये हा तुकडा अर्थातच कापला जायचा. नवरदेव वाट पाहत असायचा आणि हा गृहस्थ दस्ती धरून उभा. वऱ्हाडी हसायचे, मीही चिडवायचो.

आमच्या धंद्याची एक वाईट खोड होती. सीडी दिली की टेप पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायची आणि कॉम्प्युटरही रिकामा करायचा. सगळेच करायचे. त्यात काही पाप आहे असं वाटलंच नव्हतं... सिरोंच्याकडचे मल्लय्या दुकानात येईपर्यंत. गोदावरीत मासे धरणारा माणूस. त्यांच्या मुलीचं, भाग्याचं, लग्न आम्हीच केलेलं. पहिल्या बाळंतपणात, पुराने रस्ता तुटलेला असताना, ती वाटेतच गेली. अल्बम सासरच्यांकडे, ते द्यायला तयार नाहीत. मल्लय्यांकडची सीडी चरे पडून हळदीतच अडकायची. दुसरी काढून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. दिवाकरने त्यांना खरं ते सांगितलं. मल्लय्या भांडले नाहीत, ती सीडी परत पिशवीत घालून स्टेशनकडे गेले. त्या दिवशी दिवाकर जेवला नाही.

एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये अख्खं लग्न एका लांब पट्टीवर मांडलेलं असतं. तिला टाइमलाइन म्हणतात. हळद, वरात, अक्षदा, पाठवणी... टेपवरून उतरवलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक चौकोन. भाग्याच्या लग्नाची ती पट्टी कॉम्प्युटरमध्ये शिल्लक होती, पण मूळ चित्रण गेल्यामुळे सगळे चौकोन कोरे. दिवाकर त्या फाइली उकरत बसला. आणि त्याला सापडलं की, प्रत्येक तुकड्याचं, कापून टाकलेल्याचंसुद्धा, पहिलं आणि शेवटचं चित्र, टिकलीएवढं, प्रोग्रामने एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये साठवून ठेवलंय. प्रोग्राम मात्र ते दाखवायला तयार नाही. म्हणून हा पट्टी दाखवणारा स्वतःचा व्ह्यूअर लिहायला बसला. कधी काळी चंद्रपुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, इंग्रजी यथातथाच. गिऱ्हाइकं बोंबलत होती, मी बोंबलत होतो. याचं एकच, म्हाताऱ्याला पोरगी दाखवायची.

पावसाळा संपता संपता मल्लय्या परत आले. मंदावहिनी, म्हणजे दिवाकरची बायको, चहा घेऊन आल्या होत्या. दिवाकरने व्ह्यूअर उघडला. पहिल्या चौकोनात दस्ती आणि तिच्यावर एक काळसर तोंड.

"हा कोण जी?" मल्लय्यांनी विचारलं.

"मी हाय. ते सोडा, पुढं पाहा."

पुढे हळद आली. पिवळी पिवळी, नखाएवढी भाग्या. मल्लय्या काचेला नाक लागेल इतके वाकले.

"मोठी होत नाई का?"

"नाई बाबा. एवढीच उरली."

मल्लय्यांनी बोटाने तिला झाकलं, बोट उचललं, पुन्हा झाकलं. पाठवणीपर्यंत पट्टी सरकवून झाली, तेव्हा चहावर साय धरली होती.

पुढे मी म्हटलं, हे विक, प्रत्येक स्टुडिओवाल्याला लागेल. तो भडकला. "ज्याचं गेलं त्यालेच काऊन लुटू?" त्याने व्ह्यूअर त्याच्या कोडसकट इंटरनेटवर मोकळा टाकून दिला, ज्याला हवा त्याने घ्यावा, हवा तसा बदलावा. आपली मराठी नावं त्यात नुसत्या चौकटी होऊन दिसायची, ते कुठल्याशा परदेशातल्या माणसाने दुरुस्त करून पाठवलं. त्या दिवशी दिवाकरने दुकानात जिलेबी वाटली. टेप पुसणं मात्र आम्हाला बंद करता आलं नाही, धंद्याला परवडत नव्हतं. टिकल्यांची फोल्डरं तेवढी तो कुणाला पुसू द्यायचा नाही.

दिवाळीनंतर एटापल्लीकडून शूटिंग करून आला तो ताप घेऊनच. मेडिकलमधून गोळ्या आणून खुर्चीत बसून राहिला. दवाखान्यात नेला तोवर मलेरिया मेंदूत गेला होता. ठरलेली लग्नं मी एकट्याने केली, आणि टेपा त्याच, पुसून वापरलेल्या. त्याची शेवटची दस्ती कुणाच्या वरातीखाली गेली, मला माहीत नाही.

तेरवीच्या आधी मंदावहिनी दुकानात आल्या. फ्रेमसाठी यांचा एखादा फोटो द्या म्हणाल्या. घरी लग्नातला तेवढा होता, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. शेकडो लोकांचे चेहरे जपणाऱ्या माणसाचा एक धड फोटो नव्हता. मी व्ह्यूअर उघडला. पहिल्याच चौकोनात तो, दस्ती ताणून. या वेळी पुढे पाहायचंच नव्हतं. दुसरं लग्न उघडलं, तिसरं उघडलं... प्रत्येकाच्या सुरुवातीला तो उभा. पण एवढ्याशा चित्राची फ्रेम होणार नव्हती.

"मोठं नाई होत, मले मालूम हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी चहा मीच आणला होता."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोटाने त्याला झाकलं.

फ्रेमशिवायच तेरवी झाली. ती दस्ती त्यांनी धुऊन, घडी करून माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली. कुणाच्या हाती द्यायला मन धजत नाही. आता मी ती मांडवाच्या खांबाला बांधतो आणि कॅमेरा सुरू करतो.