वस्तादांच्या रकान्यातला आकडा

अकराव्या जोराला वस्ताद उठून उभे राहिले, हात झटकले आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज बस. तुम्ही मोजलं, मास्तर."

हातातल्या चाचणीच्या फॉर्मवर किमान शंभर हवे होते.

साल एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचं. नाशिकच्या एका हायस्कुलात मी नवा ड्रिल मास्तर होतो, तोही प्रोबेशनवर. वर्षभर काम बघून मग मला कायम करणार होते. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराकडून ड्रिल आणि बारबेल शिकून आलो होतो. शिटी आणि स्टॉपवॉच गळ्यात घालून मी असा हिंडायचो, जणू नाशकात व्यायाम मीच आणला.

शाळेची मोठी मुलं पंचवटीतल्या तालमीत जात. तिथे उस्मानभाई वस्ताद शिकवत. पोटापुरता घरी माग होता, बाकी सगळा जीव तालमीत. वय अडुसष्ट. शाळेच्या कमिटीला शंका आली, की या वयात हे काय शिकवणार? चाचणी ठरली. शंभर जोर झाले तर वस्ताद राहणार, नाहीतर मुलं तालमीतून काढून माझ्या ड्रिलला. आणि चाचणी घेणार कोण, तर मी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

जोर म्हणजे हातपाय जमिनीला टेकून, छाती खाली घासत पुढे काढायची आणि परत मागे यायचं. वस्तादांनी सुरुवात केली आणि मी सवयीने ओरडू लागलो, "एक! दोन!" ड्रिल मास्तराची जीभच ती. या तालमीत कुणाचा व्यायाम मोजत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. मोजला की नजर लागते, आणि त्या दिवसाचा व्यायाम तिथेच थांबतो.

"वस्ताद, अकरा लिहिले तर तालीम जाईल हो!"

"जाने दो. पचास साल हो गए, इथं कुणी गिनती नाही केली." मग माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "रिपोर्ट कधी द्यायचाय?"

"उद्या दुपारी."

"मग उद्या सकाळी या. शिटी घरी ठेवा. माझ्या बाजूला लागा आणि आपलेच मोजा. मनात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी लागलो. वय चोवीस, पन्नासपर्यंत मजेत. त्यांच्या हातांखालच्या फरशीला दोन उथळ खळगे होते, तळव्यांएवढे. फरशी झिजली होती, माणूस झिजला नव्हता. नव्वदीला माझे दंड थरथरू लागले.

"मास्तर, सास रोकू नका," वस्ताद म्हणाले. बोलताना त्यांची लय जराही तुटली नाही.

एकशे बाराला मी हनुवटीवर आपटलो.

पडल्या पडल्या बघत राहिलो. मग उठलो, विहिरीवर आंघोळ केली, कपडे घातले, भांडंभर दूध प्यायलो. आत आलो तर वस्ताद चालूच. घामाने फरशीवर अख्खा माणूस उमटला होता. छाती, गुडघे, सगळं. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणींच्या परेडी मी पाहिल्या होत्या. असं काही पाहिलं नव्हतं. माझे हात कधी जोडले गेले ते मला कळलंच नाही.

दुपारी हेडमास्तरांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. "परीक्षकाचे जोर एकशे बारा. नंतर परीक्षक पडला. त्याची आंघोळ, कपडे व दूध होईपर्यंत वस्ताद चालू होते." त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, यात नापास कोण झालं?"

"मी, सर."

"तुम्ही प्रोबेशनवर आहात, माहीत आहे ना?"

"म्हणूनच दोनदा विचार करून लिहिलं, सर."

"पण वस्तादांच्या रकान्यात आकडा लागतो. कमिटी आकडाच वाचते."

माझ्या आकड्याखेरीज मला दुसरा आकडा ठाऊकच नव्हता. मी तोच लिहिला आणि पुढे 'च्या वर' असं जोडलं.

वस्ताद राहिले. मलाही कायम केलं, पण एका अटीवर: रोज सकाळी तालमीत जायचं, शिकवायला नव्हे, शिकायला. अट हेडमास्तरांची. त्यांनी घातली नसती तरी मी गेलोच असतो.

पुढे तीसेक वर्षं मी पोरांच्या चाचण्या घेतल्या. कुणाला मोजायच्या आधी त्याच्या शेजारी एकदा लागून बघायचं, एवढा एकच नियम पाळला. वस्तादांनी एकूण किती जोर मारले, ते आजही कुणाला माहीत नाही. शाळेच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे एकशे बारा आहेत. ते माझे आहेत.