गाडीतलं माहेर

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई तानुबाई यांना, कुणी "हे व्हायचं नाही" म्हटलं की त्यांचा दिवस मोठा चांगला जायचा. पदर खोचून बाई कामाला लागायच्या. तापीच्या काठी शिरपूर तालुक्यात आमचं गाव. अख्ख्या गावाला माहीत होतं की तानुबाईकडून काही करवून घ्यायचं असेल तर तिला सांगावं, हे तुला जमणार नाही. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या आपण शिकले, आणि शिकताना बऱ्याचदा दातओठ खाल्ले.

त्यांची एकच लेक, भिकुबाई. आधीची मुलं राहिली नाहीत म्हणून देवाकडे भीक मागून घेतलेली, नावही तेच ठेवलेलं. पाठीवर झालेले आमचे हे. भिकूला दिली सुरतेच्या पलीकडे, समुद्राच्या काठी. सासरची माणसं मूळची आपल्या खान्देशातलीच. सासरा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम म्हणून तिकडे गेला, पैसा कमावला, डुमसच्या बाजूला वाडी घेतली आणि तिथलाच झाला. लग्नाला तीन वर्षं झाली, पण भिकू एकदाही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली नव्हती.

आता आखाजी म्हणजे आमच्याकडे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवाळी एकवेळ चुकली तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी पाहिजेच. झाडाला झोका बांधायचा, आमरस आणि खापरावरचे मांडे खायचे, गाणी म्हणायची आणि ते दोन दिवस कुणी काम सांगायचं नाही. वर्षभर सासरी मान खाली घालून राबलेली बाई त्या दोन दिवसांच्या जोरावर पुढचं वर्ष काढते. मी काढलंय, म्हणून सांगते.

दरवर्षी हे मुराळी म्हणून बहिणीला आणायला रेल्वेनं जायचे आणि एकटेच परत यायचे. तिसऱ्या वर्षी विहीणबाईंनी, जमनाबाई त्यांचं नाव, यांना ओट्यावरच निरोप देऊन वाटेला लावलं. निरोप असा होता, "दोन दिनमा जाईसन येता ई ते खुशाल जाय." दोन दिवसांत जाऊन येता येत असेल तर खुशाल जा. खान्देश काय शेजारच्या आळीत आहे? टोमणाच होता तो. यांनी घरी येऊन मान खाली घालून सांगितला. मामंजी, म्हणजे माझे सासरे झुलाल आबा, बैलांना पाणी पाजायला उठून गेले. आत्याबाई मात्र हसल्या. त्या हसल्या की मला धास्ती वाटायची.

"माहेर दूर शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग माहेरलेच तठे लई जाऊत."

वर्षभर त्या माहेरच तिकडे घेऊन जायच्या तयारीत होत्या. आमची बैलगाडी त्यांनी सुताराकडून नीट करून घेतली. वर तट्ट्याचं छप्पर, आत दोन्ही बाजूंना धान्याच्या गोण्या, त्यांवर गोधड्या, म्हणजे बसायचं आणि झोपायचं तेच. खाली आसाला चूल, तवा आणि मांड्यांचं खापर असं बांधलं की रस्त्यावर खडखड करीत यायचं. पाण्याचं पिंप घेतलं, कारण लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही ही आमची रीत. झोक्याचा दोर घेतला. पितरांच्या नावानं आखाजीला भरतात ती मातीची घागर घेतली, आणि तिच्यावर ठेवायला मामंजींच्या नदीतल्या वाडीतली डांगरं, म्हणजे खरबुजं. यांना वाटलं झालं सगळं. तर बाईंनी सुताराला परत बोलावून गाडीच्या मागच्या तोंडाला एक सागवानी फळी ठोकून घेतली आणि तिला हळदकुंकू लावलं. मामंजींनी विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, उंबरा. उंबऱ्याशिवाय घर असतं का? मामंजी डोक्याला हात लावून डांगरांकडे निघून गेले.

रेल्वे होती की, म्हणाल. होती. पण रेल्वेत चूल मांडू देत नाहीत.

आम्ही चौघं निघालो. दोंडाईचा, मग नंदुरबार. चैत्राचं ऊन, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, दुपारी झाडाखाली गाडी सोडायची. नंदुरबारच्या अलीकडे माझ्या माहेरच्या गावाचा फाटा लागला. तिथं एक निंब आहे, त्याच्याखाली माझे वडील दर आखाजीला गाडी घेऊन माझी वाट बघत उभे असायचे. त्या वर्षी त्यांना आधीच कळवलं होतं की सुनंदा येणार नाही, सासूबरोबर सुरतेकडे जातेय. निंबाखाली कुणी नव्हतं. मी गाडीच्या मागच्या तोंडाशी, त्या नव्या उंबऱ्यावर बसून फाटा दिसेनासा होईपर्यंत बघत होते. माझ्या मनात आत्याबाईंविषयी काय काय आलं ते मी इथं सांगणार नाही. लेकीची आखाजी व्हावी म्हणून सुनेची बुडवायची, हा कुठला न्याय? पण तेव्हा सुना असं बोलत नसत. मी डोळे पुसले आणि दुपारच्या भाकरीचं पीठ काढलं.

पुढं नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. डोंगर संपले, ताडाची झाडं सुरू झाली. बाई रस्ताभर खूश. जो भेटेल त्याला सांगायच्या की आम्ही लेकीसाठी माहेर घेऊन चाललोय. एका मोटारवाल्यानं तर मोटार थांबवून गाडीभोवती फेरी मारली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी समुद्राला पोचलो. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होते आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाळूच पाहिली. आमच्या रानातल्या मातीसारखी काळी. पाणी लांब कुठंतरी चमकत होतं. मामंजी एकदम रंगात आले. आयुष्य त्यांचं तापीच्या पात्रात डांगरं लावण्यात गेलेलं. गार, ओली, सपाट जागा बघून त्यांनी गाडी सरळ खाली नेली. तिथल्या एका कोळ्यानं हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. मामंजींनी वर बघितलं, आभाळ निरभ्र. म्हणाले, पाऊस नाही तर पूर कुठून येणार. तापीकाठच्या माणसाला पाणी म्हणजे वरून येणारं. समोरून चालत येणारं पाणी त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

बैल सोडले, चूल मांडली. मी पीठ मळायला घेतलं आणि पायाला गार लागलं. बघते तर पाणी. बघता बघता चूल विझली, आणि चाकं वाळूत रुतायला लागली. आत्याबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर डोक्यावर धरून ओरडत होत्या, बैल जोडा. चार माणसांनी ती गाडी निघणारी नव्हती. तेवढ्यात कोळी धावले, आणि वरच्या वाडीतून बैलांची जोडी घेऊन गडी धावले. त्यांच्या मागून एक ठसठशीत बाई भराभरा चालत आली आणि काठावरून सगळ्यांना हुकूम सोडायला लागली. ती वाडी व्याह्यांचीच होती, आणि ती बाई म्हणजे जमनाबाई. त्यांच्या मागं पदर डोक्यावर घेऊन भिकू. भिकूनं गाडी ओळखली, बैल ओळखले, आणि ती सासूच्या देखत पाण्यात धावली. मायलेकी त्या पाण्यातच गळ्यात पडल्या. मी घागर हातात घेतली नसती तर तीही गेली असती.

गाडी वर कोरड्या जागी, चिंचेखाली आली. सगळे निथळत होते. व्याह्यांनी पाणी पाठवलं ते आत्याबाईंनी हात जोडून परत केलं आणि आपल्या पिंपातलं प्याल्या. मग विहिणीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही शब्द दिला होता, दोन दिवसांत जाऊन येता येत असेल तर खुशाल जा. हे माहेर. तुमच्या वाडीपासून हाकेवर आहे. उद्या आणि परवा लेक इथं राहील.

जमनाबाई काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. हे घर कसं, विचारलं. चूल दाखवली. उंबरा कुठंय? फळी दाखवली, हळदकुंकू तसंच होतं. देव, पितर? आत्याबाईंनी घागरीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आमच्या वाडवडिलांची घागर उद्या इथं भरणार, ती जिथं भरते तिथं आमचं घर. जमनाबाईंनी घागरीला हात जोडले. भिकू माझ्याकडे बघून हसली. जिंकलो, असं मलाही वाटलं.

तेव्हा जमनाबाईंची नजर माझ्यावर आली. मी ओल्या लुगड्यानं, हाताला पीठ, विझलेली चूल पुन्हा फुंकत बसले होते.

"आनि हाई वऊ?" त्या म्हणाल्या. "हिनी आखाजी कोठे शे?" सुनेची आखाजी कुठंय, असं विचारत होत्या.

वर्षभर सगळ्याची तयारी केली होती बाईंनी, एक मी सोडून. आत्याबाईंचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. हिची आखाजी इथंच आमच्याबरोबर, असं म्हणाल्या असत्या तर सुटल्या असत्या, मी मान डोलावली असती. भिकूचे दोन दिवस माझ्या मान डोलावण्यावर होते, हे मला कळत होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणीही दिसत होतं. पण आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, खरं काय ते सांग.

"माले बी माहेर जानं व्हतं," मी म्हटलं.

आत्याबाई विहिणीला म्हणाल्या, "तुमनं खरं शे, ईहीनबाई. मनी चूक शे." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली. म्हणाल्या, हे दोन दिवस ही चुलीकडे फिरकणार नाही, आणि परतीला गाडी आधी हिच्या माहेरी उभी राहील, मग आमच्या घरी. लेकीला पाठवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

जमनाबाईंनी भिकूला हाताला धरलं आणि घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं. माझ्या एका वाक्यानं पोरीचं माहेर गेलं. मी रडले तर आत्याबाईच मला रागावल्या. खरं बोलून कुणी रडतं का, म्हणाल्या, आणि झोप म्हणाल्या.

आखाजीच्या सकाळी मामंजींनी घागर भरली, वर डांगर ठेवलं, पितरांना हात जोडले. यांनी चिंचेला झोका बांधला. आत्याबाईंनी मला न्हाऊ घातलं, झोक्यावर बसवलं आणि स्वतः खापर चुलीवर ठेवलं. मांड्यांना दोन बायका लागतात, एकीनं हातावर मोठा करून टाकायचा, दुसरीनं काढायचा. आणि तिथला वारा म्हणजे चूल धड पेटू देईना. एक मांडा फाटला, एक जळला, एक वाऱ्यानं उडून बैलासमोर पडला. मी उठायला लागले की त्या डोळे मोठे करायच्या. तोंड काजळीनं काळं, डोळ्यांतून पाणी, पण मला हात लावू देईनात.

असं चाललेलं असताना जमनाबाई आल्या, भिकूला घेऊन. खरं म्हणजे बघायला आल्या होत्या की सून चुलीशी आहे की झोक्यावर. मी झोक्यावर होते. त्यांनी भिकूचा हात सोडला आणि म्हणाल्या, जा. भिकू माझ्या शेजारी झोक्यावर येऊन बसली आणि आमचा दोघींचा बांध फुटला, एकदम हसू आणि रडू.

जमनाबाई जायला वळल्या, तोच आणखी एक मांडा जळाला. त्या थांबल्या. हा वास कितीतरी वर्षांनी घेतला, म्हणाल्या. इकडं आल्यापासून त्यांना तरी आखाजीला कोण आणायला आलं होतं? आई गेली, भाऊ विसरले. त्या चुलीजवळ बसल्या, बाह्या मागे सारल्या आणि आत्याबाईंच्या हातातला उंडा घेतला. कोपरापर्यंत असा मांडा केला की मी झोका थांबवून बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, बसा, तुम्हीही माहेरीच आलात. दोन सासवा मांडे करीत होत्या आणि दोन सुना बसून खात होत्या. असं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

पुढच्या वर्षापासून भिकूला आणायला गाडी न्यावी लागली नाही. जमनाबाई स्वतः तिला घेऊन रेल्वेनं यायच्या. आणि आमच्या घरी सून आधी माहेरी निघायची, मगच लेक यायची. आत्याबाईंनी तो नेम मरेपर्यंत मोडला नाही.

पण मला आठवते ती परतीची वाट. आखाजी होऊन बरेच दिवस झाले होते. फाट्यावरच्या निंबाशी आत्याबाईंनी गाडी वळवायला लावली. आमच्या दारात आई बाहेर आली, तिला काही कळेना. आत्याबाई त्या फळीच्या उंबऱ्यावरून खाली उतरल्या आणि तिला म्हणाल्या, "तुमनी आखाजी मनाकडे ऱ्हाई गयी व्हती. लई उनू." तुमची आखाजी माझ्याकडे राहून गेली होती, ती घेऊन आले.

मी अंगणात पाहिलं. सगळ्या गावाचे झोके सुटले होते. आमच्या अंगणातल्या निंबाचा झोका आईनं तसाच ठेवला होता.