दोन डॉक्टर, एक शरीर

आमचं भांड्यांचं दुकान. दुकानात मोड साठते. कुणी फुटका तांब्या आणून टाकतो, कुणी चेपलेली घागर. आपण म्हणतो, राहू दे कोपऱ्यात, नंतर बघू. वर्षभरानं बघावं तर कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नसते! किस्स्यांचं अगदी तसंच. मी काही मुद्दाम जमवले नाहीत. दत्ता आणि याकूब सुट्टीला नाशकात यायचे आणि एकेक टाकून जायचे.

आम्ही तिघं एकाच शाळेतले. मॅट्रिकही एकदमच झालो. ते दोघं पुण्याच्या मेडिकल स्कूलात गेले. मीही जाणार होतो. पण त्याच उन्हाळ्यात वडिलांचा उजवा हात वाऱ्यानं गेला, आणि तांबटाचा उजवा हात गेला म्हणजे दुकानच गेलं. काका एकटे पडले. मी हातोडा उचलला.

पहिल्या सुट्टीत याकूब म्हणाला, "गणू, तू येत नाहीस ना? मग निदान तुझं शरीर तरी दे!"

मी दिलं. तेव्हा मी इतका हडकुळा होतो की बरगड्या लांबून मोजता यायच्या. पंचवटीत दत्ताच्या घरी ओसरीवर खाट होती, तिच्यावर मी उताणा पडायचो आणि हे दोघे माझ्यावर अभ्यास करायचे. म्हणजे माझं शरीर डॉक्टरीला दोनदा पास झालं. मी एकदाही नाही!

* * *

पहिल्याच सुट्टीत त्यांनी माझ्या अंगावर जांभळ्या औषधानं नकाशा काढला. इथे हृदय, इथे लिव्हर, इथे जठर. अभ्यास झाला, पण रंग काही जाईना. गोदेत दोनदा बुडी मारून आलो, साबण घासला, राख घासली. लिव्हर जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उघड्या अंगानं घागर ठोकत बसलेलो. पेठकडचा एक शेतकरी आला. घागर बघायची सोडून माझं पोटच बघत राहिला.

"लय झ्याक गोंदलंय. कंच्या देवाचं म्हणायचं हे?"

मी गमतीत म्हटलं, "यकृताचं."

त्यानं हात जोडले आणि गेला. आठवड्यानं परत आला, हातात नारळ.

"सारी पंचवटी पालथी घातली. यकृतबाबाचं देऊळ कुनालाच ठावं नाय. पुजाऱ्यांनाबी नाय!"

मग कळलं, त्याच्या बायकोचं पोट दुखायचं थांबत नव्हतं. मी हसायचा थांबलो. म्हटलं, "अहो, देव नाही तो. तिला सरकारी दवाखान्यात घेऊन या, मी येतो बरोबर." त्यानं मान हलवली. मग तो नारळ माझ्याच पोटासमोर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

बायकोला घेऊन तो आलाच नाही. त्याचं गाव मला माहीत नव्हतं.

* * *

पुढे त्यांना इंजेक्शन शिकवलं. याकूब म्हणाला, "आता गणूच्या दंडावर..." मी तेव्हाच खाटेवरून उठलो. शरीर दिलं म्हणजे काय वाटेल ते करायचं?

मग दत्तानं आईची वांगी घेतली. टोपलीभर वांग्यांना सगळी दुपार पाणी टोचत बसला. काकूंना, म्हणजे दत्ताच्या आईला, काही पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या मळ्यातली भाजीवाली दारात आली, तेव्हा काकूंनी तिला धरलंच.

"काय गं सखू, सगळी वांगी किडकी घातलीस! एकूण एक वांग्याला भोकं!"

सखूबाई खाली बसली. एक वांगं उचललं, उन्हात धरलं, फिरवलं. दुसरं उचललं. मग दत्ताकडे बघितलं. दत्ता पुस्तकात तोंड घालून बसलेला.

"काकू," ती म्हणाली, "कीड अशी एका रांगेत भोकं पाडत नाय. ही शिकलेली कीड हाय!"

* * *

हाडांचं असं झालं. अभ्यासासाठी याकूबनं ट्रंक भरून माणसाची हाडं आणली. नाशिक रोडला उतरला तेव्हाच त्याला कळेना, ही नेऊ कुठे? त्याच्या घरी दादी होती, ती ट्रंकेसकट त्याला रस्त्यावर काढती. दत्ताच्या घरी तर विचारायचीच सोय नाही. मग आली आमच्या दुकानात. मी ती मागच्या खोलीतल्या एका मोठ्या हंड्यात ठेवली, वर झाकण घातलं.

काकांना मी सांगितलं होतं. नेमका तोच हंडा एका बाईंना आवडला! मी बाहेर गेलो होतो. परत येतो तर बाईंनी झाकण काढून आत हात घातलेला, आणि त्यांच्या हातात मांडीचं लांबलचक हाड!

बाई पांढऱ्याफटक. मी दारातच खिळलो. काकांनी मात्र तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "ते हंड्याबरोबर येत नाही, बाई."

रात्री जेवताना काका मला म्हणाले, "तू गेला असतास पुण्याला, तर ही हाडं तुझी असती." आणि ताटावरून उठले. बोलायचे नाहीत ते फारसे. तेवढंच एकदा बोलले.

* * *

दत्ता पहिल्या खेपेला नापास झाला तो माझ्यामुळे, असं त्याचं म्हणणं.

त्यांच्या ओसरीवरची खाट भिंतीला लागून होती. त्यामुळे मी झोपलो की दत्ता नेहमी माझ्या डाव्या बाजूला उभा राहायचा आणि हात लांब करून पलीकडे, उजव्या कुशीत, लिव्हर शोधायचा. परीक्षेत पेशंटच्या उजव्या बाजूला उभं करतात. दत्ता उभा राहिला, आणि सवयीनं हात पलीकडे!

चाचपतोय, चाचपतोय. शेवटी म्हणाला, "सर, या पेशंटला लिव्हर लागत नाही."

परीक्षक म्हणाले, "लिव्हर नाही? मग हा गृहस्थ जगतोय कशावर?"

पेशंट बिचारा घाबरून उठून बसला!

दत्ता घरी आला तो तडक माझ्याकडे. "गण्या, तुझ्या त्या खाटेपायी सहा महिने गेले माझे!" खाट त्याची, भिंत त्याची, आणि दोष मला! मी ऐकून घेतलं. खरं सांगू? मला त्याची कीव आली नाही. हेवा वाटला. नापास व्हायला तरी परीक्षेला बसावं लागतं.

* * *

याकूबचा पहिला पेशंट म्हणजे त्याची दादी. जुन्या नाशकात त्यांचं सुताचं दुकान, वर घर. दादीला ताप आला होता. याकूब नवा कोरा स्टेथॉस्कोप गळ्यात अडकवून तिच्यासमोर बसला. मी दाराशी उभा.

"दादी, जबान दिखाव."

दादीनं ओठ घट्ट मिटले.

"दादी, बुखार है ना? जबान बाहर निकालो, देखना पडता."

दादीनं पदर सावरला आणि म्हणाली, "साठ बरस से इस घर के लोगां बोल रहे, बुढिया, जबान अंदर रख. आज तू डाक्टर होको आया तो बोलता, बाहर निकाल!"

जीभ काही दाखवली नाही. औषध मात्र घेतलं, कारण नातवानं दिलेलं. आणि बरी झाली! सगळ्या मोहल्ल्याला सांगत सुटली, "मेरे याकूब ने बगैर देखे मर्ज पकड लिया!"

तिला वाटायचं, याकूब खालच्या दुकानाशेजारीच दवाखाना थाटेल. पाटी कशी रंगवायची तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. याकूबनं मालेगावला दवाखाना थाटला, आणि फाळणीनंतर थोरल्या भावाच्या मागोमाग कराचीला गेला. दादी तोवर राहिली नव्हती. एका अर्थी बरं झालं.

* * *

आता कपांचा किस्सा. काकू माणूस मायाळू, पण सोवळ्याच्या कडक. याकूबचा कप ओसरीतल्या कोनाड्यात वेगळा. माझा कप आत, पण तोही खालच्या फळीवर, बाजूला. यात कुणाला काही वाटायचं नाही. म्हणजे वाटत असेल, बोलायचं कुणी नाही. याकूब तर आल्या आल्या स्वतःच कोनाड्यातून कप काढायचा आणि म्हणायचा, "काकू, आमच्या वॉर्डातही अशीच पद्धत आहे. साथीच्या पेशंटचा कप वेगळा!"

काकू हसायच्या. दत्ता हसायचा नाही.

एका सुट्टीत दत्ताच्या डोक्यात जंतू शिरले. म्हणजे अभ्यासातले. सगळं घर उकळायला निघाला! एके दिवशी काकू देवळात गेलेल्या असताना त्यानं घरातले सगळे कप एका पातेल्यात घातले आणि खळखळा उकळले. याकूबचा, माझा, त्याचा स्वतःचा, सगळे. कप सारखेच, पांढरे.

काकू परत आल्या. पातेल्यात डोकावल्या.

"यातला याकूबचा कुठला?"

"आता ओळखता येणार नाही, आई. पण जंतू सगळे मेलेत!"

आम्हाला वाटलं, आता सगळे कप जातात उकिरड्यावर. त्यांनी एकही टाकला नाही. एकेक उचलला, पुसला आणि सगळेच्या सगळे बाहेरच्या कोनाड्यात मांडून ठेवले!

त्या दिवसापासून दत्ता स्वतःच्या घरात बाहेरच्या कपानं चहा प्यायला लागला. याकूब म्हणाला, "या, डॉक्टर! आमच्या वॉर्डात स्वागत आहे!"

याकूब कराचीला गेल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना सांगायला गेलो. दत्ता तेव्हा आफ्रिकेत डॉक्टरी करत होता. काकू थकल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "गणू, त्यातला याकूबचा कप कुठला होता रे?"

मला तरी कुठे माहीत!

* * *

दत्ताला एक धाकटी बहीण होती, हे मी अजून सांगितलेलं नाही. तिचं नाव कमळ.

कमळचं लग्न वैशाखात झालं. मुलगा इंदूरचा, नोकरीतला. रुखवताची भांडी आमच्याच दुकानातून गेली. सासरी तिचं नाव बदलून सुमती ठेवायचं ठरलं होतं, म्हणून भांड्यांवर तेच नाव घालायचं होतं. काकांचे डोळे अधू झाले होते. प्रत्येक भांड्यावर नाव मीच घातलं. काकूंनी ताट हातात घेऊन बघितलं, म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुझं."

पण तो काही किस्सा नाही. किस्सा आहे त्याच्या आधीच्या दिवाळीतला.

त्या सुट्टीत दोघांचा हृदयाचा अभ्यास चालला होता. मी खाटेवर बसलेलो, बंडीची बटणं उघडी. याकूबनं माझं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातात घड्याळ. दत्ताच्या कानात नळ्या. सगळं ठाकठीक चाललं होतं. दोघांनाही जरा कंटाळाच आला होता, कारण माझ्या हृदयात कधी काही सापडायचंच नाही.

तेवढ्यात कमळ चहाचा ट्रे घेऊन ओसरीवर आली.

"थांब, थांब!" दत्ता ओरडला. "याकूब, नाडी मोज! शंभराच्या वर गेली असणार!"

याकूबनं मोजली. "गेली आहे."

"बसलेला माणूस! ताप नाही, धावलेला नाही! गण्या, हात पुढे कर. बघ, बोटं थरथरतात! तळव्याला घाम आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"डोळे? याकूब, डोळे मोठे झालेत का बघ."

"जरा झालेत."

"पुस्तकात लिहिल्यासारखी केस आहे! थायरॉइड! गण्या, झोप लागते?"

"नाही."

"भूक?"

"बेताची."

"कधीपासून हे?"

कमळ ट्रे धरून तशीच उभी होती. याकूबनं घड्याळावरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग ट्रेकडे बघितलं. आणि माझं मनगट अगदी हळू खाली ठेवलं.

"दत्ता, सोड. चहा निवतोय."

"वेडा की काय! अशी केस पुन्हा मिळायची नाही! कमळे, तू तर रोज बघतेस. हा पूर्वी असा होता का गं?"

कमळनं ट्रे खाटेच्या कडेला ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मी आत जाते. मग परत मोज."

आणि ती आत गेली.

दत्तानं परत मोजली. मग आणखी एकदा मोजली. कानातल्या नळ्या काढल्या आणि चिडून म्हणाला, "छ्या! गेलं की! इतकी चांगली केस, डोळ्यांदेखत हातची गेली!"

याकूबनं त्याच्या हातात चहा दिला. आतून काकूंचा आवाज येत होता, हळू. शब्द कळत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून चहा काकूच बाहेर आणू लागल्या.