कोयरीतलं मलम

छप्पन-सत्तावन साल असेल. पुलगावात मी नवा नवा मास्तर, आणि येत्या रविवारी हिंगणघाटला मुलगी पाहायला जायचं ठरलेलं... नेमकी सोमवारी हनुवटीवर पिवळ्या खपलीची पुळी! आधीच दोन ठिकाणांहून नकार आला होता.

डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या मलमाची ट्यूब दिली. हात धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने जागा पुसा, पातळ थर लावा, सात दिवस. टॉवेल वेगळा ठेवा, हे पसरतं. खाज सुटली तर बंद करून मला दाखवा. आणि ट्यूब दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

ही शेवटची सूचना आईला पटली नाही. "एवढं भारी औषध एकट्याले काऊन? साऱ्या गल्लीले पुरते!"

तिने अख्खी ट्यूब हळदीकुंकवाच्या कोयरीत पिळली आणि देवघरात ठेवली. मग काय... येणारी प्रत्येक बाई बोट बुडवून मलम नेऊ लागली. कुणाच्या पोराचं गळू, कुणाच्या टाचेची भेग. आणि त्याच कोयरीतलं माझ्या हनुवटीला.

गुरुवारी पुळ्या नाकापर्यंत पोचल्या. डॉक्टरांना कोयरीची हकीकत सांगितली.

"मास्तर, मलम लावून राह्यले का प्रसाद वाटून राह्यले?"

नवी ट्यूब मिळाली, आणि सात दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

रविवार काही पुढे ढकलता येईना. मलमाने तुकतुकीत झालेल्या तोंडाने हिंगणघाटला गेलो. आई वाटभर बजावत होती, "उजेडाकडे तोंड करू नोको."

मुलीचे वडील कंपाउंडर आहेत, हे तिथे गेल्यावर कळलं. मुलगी पोहे घेऊन आली. प्रश्न आम्ही विचारायचे, पण तिनेच माझ्या हनुवटीकडे पाहत विचारलं, "किती दिवस झाले लावून?"

"चार."

"डॉक्टरनं किती सांगतले?"

"सात..."

"मंग पुरे करा, अन् पुढच्या रविवारी या. टॉवेल आपला संग आनजा."

परतताना गाडीतून पुलगाव दिसू लागल्यावर आई म्हणाली, "हा नकार होय का होकार?"

"या म्हणाली ना, आई."

गेलो. टॉवेल घेऊन.

तेव्हापासून पेपर, चष्मा, दुखणी, सगळं आम्ही दोघं वाटून घेतो. मलमाच्या ट्यूब मात्र घरात अजूनही दोन आहेत... दोन्हींवर तिच्या अक्षरात नावं.