गोटीरामच्या नाकाची शिट्टी

गोटीरामचं नाक शिट्टी वाजवायला लागलं ते शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात. बसल्या बसल्या श्वास घेतला की बारीक सूं व्हायचं, आणि बायको कलाबाई स्टोव्हपुढून ओरडायची, "ओढा अजून तपकीर!"

माणूस मूळचा चांदवडकडचा. अंबडच्या एका कारखान्यात क्रोमच्या टाकीवर कामाला. नळ, हँडल तांबड्या पाण्यात बुडवायचे आणि चकाकते करून वर काढायचे. टाकीवरची वाफ नाकाला झोंबायची. नवा गडी आला की महिन्या-दोन महिन्यांत त्याचा घोळणा फुटायचाच. उष्णता झाली म्हणून सगळे खुशाल कांदा फोडून हुंगायचे. पुढे रक्त थांबलं की जुनी मंडळी पाठीवर थाप मारायची, "झाला पक्का!" त्या दिवशीचा चहा त्याच्याकडून. गोटीरामनेही हौसेने पाजला होता. आता या अडाणीपणाला काय म्हणावं!

द्वारका चौकातल्या डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं. "मधल्या पडद्याला भोक पडलंय."

"पण रक्त तर कधीच थांबलं, साहेब."

"भोक पडलं की थांबतंच बऱ्याचदा."

कशाने पडलं म्हणावं, तर सारखं नाक कोरल्याने पडतं, जुन्या ऑपरेशनने पडतं, क्षयाने पडतं, तपकिरीनेही पडू शकतं. "आणि क्रोमवर काम करता म्हणालात ना? त्या वाफेने तर पडतंच."

गोटीराम चक्रावून गेला. नाक एक आणि कारणं छप्पन्न! बसची वाट बघताना तो मनात घोकत होता, तपकीरच असू दे, देवा. तपकिरीचं खापर आपल्या डोक्यावर फुटलं तर फुटू दे, कलाबाईची बोलणी खाऊ. पण वाफ असली तर? धाकटा भाऊ भारत त्याच टाकीवर होता. वर्षापूर्वी सुपरवायझरच्या हातापाया पडून यानेच त्याला चिकटवला होता. आणि भारत तपकिरीला शिवतही नव्हता.

घरी आला तेव्हा भारत जेवत होता.

"तुझं नाक कसं हाय रे?"

"लय झ्याक, दादा! पंधरा दिवस झाले, घोळणा नाय का खपली नाय. आज सगळ्यांना चहा पाजला."

गोटीराम त्याच्या ताटापुढे येऊन बसला. "उद्यापासून कामाला जायचं नाय."

भारतने हातातला घास ताटात ठेवला. "का? तूच तर लावलं ना मला?"

गोटीरामला रडू आलं.