साहेबाच्या आडनावातली कुऱ्हाड

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हजारएक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या किनाऱ्यावर सुरू झालेली एक मारामारी नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये, मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीलगतच्या एका पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये निकाली निघाली. त्या ऐतिहासिक प्रसंगी मी टेबलाखाली जातीने हजर होतो.

आमचा साइटवरचा साहेब इंग्रज. त्याचं आडनाव सांगत नाही, शेवटी 'बी' असा उच्चार येतो एवढं पुरे. खुर्चीमागच्या भिंतीवर त्याने घराण्याचं मानचिन्ह काचेच्या फ्रेममध्ये लावलं होतं, त्यात ढाल, तलवार आणि एक चिडलेला सिंह. सिंह आणि साहेब यांच्या चेहऱ्यांत मला तरी फरक दिसत नसे.

त्या दिवशी आमचा पाइप फिटर रजेचा अर्ज घेऊन आला. माणूस मालवणकडचा, मुलीचं लग्न आठ दिवसांवर. शटडाऊन सुरू होता, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्या काळात रजा म्हणजे साहेबाच्या मर्जीचा मामला. फिटरला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने मला दुभाषी म्हणून नेलं. मोठी चूक! मी नाशिकचा इंजिनियर, जिभेला हाड नसलेला.

आता आपल्याकडे काम सांगण्याआधी ओळख काढायची रीत. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की पाव्हणा. फिटरने तीच रीत साहेबाला लावली. "आधी इचारा तरी, साहेबांचो मूळ गाव खंयचो?"

मी विचारलं. साहेब खुर्चीत मागे रेलला. "मूळ गाव वगैरे काही नाही. आम्ही कुठून आलो नाही, पहिल्यापासून तिथलेच. पोटासाठी जगभर हिंडता ते तुम्ही लोक."

कोपऱ्यात पंप कंपनीचा डेन्मार्कवाला इंजिनियर चहा पीत बसला होता. माणूस दरवाजाएवढा. तो इतका खदखदून हसला की चहा नाकातून आला.

"अरे, 'बी' म्हणजे आमच्या भाषेत गाव! तुझं आडनाव आमचं आहे. हजार वर्षांपूर्वी आमचे लोक होड्यांतून तुमच्या किनाऱ्यावर आले, कुऱ्हाडी घेऊन. मठ जाळले, साधूंना वेदीसमोर कापलं, शेतकऱ्याचं मुंडकं त्याच्याच उंबऱ्यावर उडवलं आणि रात्री त्याच्याच अंथरुणात झोपले. मग गावांना आपली नावं ठोकली. पुढे त्यातल्या एका गावातून कोणीतरी पोट भरायला बाहेर पडला, तेव्हा लोकांनी गावाचं नाव त्याला चिकटवलं. तोच तुझा पणजोबा!"

मी हे सगळं फिटरला रंगवून सांगितलं, मुंडकं दोनदा उडवलं. फिटरचा चेहरा खुलला. "म्हणजे आमच्यासारख्याच की! गाव सोडल्यार गाव आडनावात येता. आणि पयले इले ते बॅचलरच आसतले, कॉन्ट्रॅक्टार!"

तो बिचारा आपुलकीने बोलला होता; आखातात बायकापोरं गावी ठेवून आलेल्या कामगाराला बॅचलरच म्हणतात. मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. शपथेवर सांगतो, एक अक्षर वाढवलं नाही. गरजच नव्हती.

पणजोबा बिनलग्नाचा निघालेला ऐकून साहेबाने चहाचा मग फेकला. तो डेन्मार्कवाल्याच्या भुवईवर फुटला, कातडी उघडली आणि रक्ताची धार शर्टाच्या खिशापर्यंत गेली. डेन्मार्कवाला शांतपणे उठला. टेबल ओलांडायचे कष्टही न घेता त्याने साहेबाला कॉलरला धरून टेबलावरून ओढलं आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांवर आपटलं. साहेबाचा ओठ फाटला. साहेबाने स्टेपलर त्याच्या कानशिलावर हाणला. मग डेन्मार्कवाल्याने मानचिन्ह भिंतीवरून उपसलं आणि सिंहासकट साहेबाच्या डोक्यात घातलं. काचांचा पाऊस पडला! इथे मी टेबलाखालची जागा घेतली. एक दात घरंगळत माझ्या गुडघ्याशी आला. कोणाचा ते विचारायची ती वेळ नव्हती.

फिटर मात्र पळाला नाही. बाहेर कोणी पोलिसांना कळवलं असतं तर दोघेही गोरे पुढच्या विमानात बसले असते, आणि नवा साहेब येईपर्यंत तिकडे अक्षता पडून गेल्या असत्या. तो दोघांच्या मध्ये घुसला. साहेबाचं कोपर त्याच्या नाकावर बसलं, सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तरी तो लोंबकळत राहिला. तेवढ्यात डेन्मार्कवाल्याने साहेबाला पालथा पाडला, पाठीवर बसला आणि त्याचा उजवा हात मागे पिरगाळू लागला. खांदा करकरला.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो. हात वाचला, अर्ज मंजूर झाला, लग्न थाटात झालं. फोटोत नवरीचा बाप नाकावर भली थोरली पट्टी लावून उभा आहे आणि व्याही त्याच्याकडे जरा घाबरून बघताहेत. हे सगळं घडलं ते फिटरच्या एका आरोळीमुळे. डेन्मार्कवाल्याला मालवणीचा गंध नव्हता, पण ती ऐकून तो दचकला आणि त्याची पकड सुटली. रक्ताने भरलेल्या तोंडाने, छताचा पत्रा हादरेल अशा आवाजात फिटर ओरडला होता:

"अरे मेल्या, उजवो हात सोड! माझ्या रजेर सही करूची रवली हा तेची!"