तोडीवरच्या साक्षीदार

बीडच्या कोर्टातल्या त्या खोलीत पंखा बंद ठेवला होता, माइकमध्ये आवाज जात होता म्हणून. समोरच्या पडद्यावर युरोपातलं कोर्ट. आष्टीकडच्या गावांतून ठेवी गोळा करून तो पैसा तिकडच्या तीन देशांत फिरवणाऱ्या माणसावर तिथं खटला चालू होता. सरकारी वकील कुठल्या एका देशाचे नव्हते, अनेक देशांनी मिळून नेमलेले होते. आमच्याकडून बारा बायांचे लेखी जबाब गेले होते. ते बाद ठरले तर तो त्याच आठवड्यात सुटणार होता.

मी दुभाषी. शेजारी पहिली साक्षीदार, चाळिशीची ऊसतोड कामगार.

आरोपीच्या वकिलानं जबाबाचा कागद दाखवून विचारलं, हा अंगठा तुमचा का?

"न्हाई. जावंचा हाय."

जावेचा कसा, वकिलानं विचारलं.

"आमी तोडीवर गेलतो. कागद आला तवा घरी ती एकटीच. मुकादमाच्या कागदावर बी असंच चालतंय, घरी आसंल तिनं लावायचा."

वकिलानं फार अदबीनं विचारलं, आणि बाकीचे अकरा?

"तिचेच की. म्याच फोनवर म्हणलं, बसलीच हायस तर समद्यांचे उरकून टाक."

पडद्यापलीकडे कुणालाच मराठी येत नव्हती. तिच्या उत्तराचं भाषांतर म्हणून मी 'मला माहीत नाही' एवढंच सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण शपथ मी घेतली होती. ती बोलली ते शब्दन्‌शब्द सांगितलं, 'उरकून टाक' सकट.

बाराही जबाब बाद झाले. सरकारी वकिलांनी तिची तोंडी साक्ष तिथंच घ्यायची परवानगी मागितली. मिळाली. दोन तास आरोपीचा वकील तिला खोटी ठरवत राहिला.

"सायेब, अंगठा कुणाचा बी आसंल, पैसा माझा व्हता."

शेवटी न्यायाधीशांनी पंधरा दिवस दिले. बाकीच्या अकरा जणींनी स्वतः हजर व्हायचं, असं पडद्यावरून, कुठल्याही कोर्टातून चालेल; तोवर तो आत.

बाहेर तिनं विचारलं, "ताई, म्या घाण केली का?"

"केलीत. बाकीच्या कुठंयत?"

"समद्या कर्नाटकात, एकाच टोळीत."

"मुकादमाचा नंबर द्या."

"त्यो सोडतोय व्हय! मला एकटीला दोन दीस सोडलं त्येच लई."

मी फोन लावला. तो म्हणाला, "म्याडम, सीझनमधी एक बी कोयता हलायचा न्हाई." कोयता म्हणजे त्याच्या लेखी तोडणारी जोडी, नवरा-बायको.

मी विचारलं, तुमच्या उसाच्या फडापासून सगळ्यात जवळचं कोर्ट कुठलं?